हँडलीसाहेबांच्या तलावात

बूट काढा, मोजे काढा, घड्याळही काठावर ठेवा. पुढचा बराच वेळ कोणीतरी तुमचं डोकं पाण्याखाली दाबून धरणार आहे.

सप्टेंबर १९०४ चा पहिला आठवडा आहे आणि तुम्ही अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात आहात. इथे एक अवाढव्य जागतिक प्रदर्शन भरलंय आणि त्याला तोंडी लावायला म्हणून ऑलिंपिकही उरकून घेतलं जातंय. पोहण्यासाठी वेगळा तलाव बांधायच्या भानगडीत कोणी पडलेलं नाही. सरकारी जीवरक्षक दलाला आपली प्रात्यक्षिकं दाखवता यावीत म्हणून प्रदर्शनात एक तळं केलंय. त्यातच शर्यती, त्यातच वॉटरपोलो. शर्यत सुरू करायला तराफा आहे खरा, पण सगळे गडी त्यावर उभे राहिले की तो खाली जातो आणि पिस्तूल वाजेपर्यंत पोहणाऱ्यांचे पाय पाण्यात. जगज्जेतेपद म्हणावं असं इथे काहीच दिसत नाही. वॉटरपोलोला उतरलेले तिन्ही संघ अमेरिकेतल्याच क्लबांचे आहेत. जर्मन मंडळी खेळायला तयार होती, पण इथले नियम पाहून त्यांनी अंग काढून घेतलं.

का काढून घेतलं ते तुम्हाला आता कळेल. तुमच्या अंगात न्यूयॉर्क अॅथलेटिक क्लबचा पोशाख आहे, समोर शिकागोचे गडी आहेत. चेंडू पाण्यात पडतो, तुम्ही झेपावता, तो हातात येतो आणि तुम्ही चमकता. हा टणक नाहीच. अर्धवट हवा भरलेला, लिबलिबीत रबरी चेंडू, एका पंजात घट्ट धरता येतो आणि पोटाशी घेऊन बुडीही मारता येते. अमेरिकन वॉटरपोलोची सगळी गंमत आणि सगळा रानटीपणा या मऊ चेंडूत आहे. तो जाळ्यात भिरकवायचा नसतो. पलीकडच्या टोकाला पाण्याच्या जरा वर एक फळी लावलेली असते, तिला तो हातात धरूनच टेकवायचा. मधल्या वाटेवर जो अडवेल त्याला ओलांडून जायचं, आणि अडवणाऱ्याला जवळजवळ सगळंच माफ. हात धरा, पाय ओढा, मानेला विळखा घाला, खाली न्या.

तुम्हाला खाली नेलं जातं. गळ्याभोवती एक दंड आवळलेला आहे, कानात पाणी गडगडतंय, वर कुठे आणि खाली कुठे हे कळेनासं झालंय. पहिला विचार येतो तो हातपाय झाडायचा. तो केलात की संपलात. छातीतली सगळी हवा त्या झाडण्यातच जाते. चेंडू सोडून वर येता, नाकातोंडातून पाणी काढता, आणि दोन हातांवर एक गडी शांतपणे पाणी तुडवत उभा दिसतो. तो दमलेला नाही. तोही नुकताच खालून आलाय.

हे लुई डी ब्रेडा हँडली. वय तीस. जन्म रोमचा, १४ फेब्रुवारी १८७४. वडील शिल्पकार. १८९६ साली, बाविसाव्या वर्षी, ते न्यूयॉर्कला आले आणि तिथल्या क्लबांमध्ये पोहणं आणि पाण्यातली ही कुस्ती शिकून तरबेज झाले. याच आठवड्यात चार गुणिले पन्नास यार्डांच्या रिले शर्यतीतही ते आहेत. जोडीला जो रडी, लिओ गुडविन आणि चार्ल्स डॅनियल्स. रिलेचंही सुवर्ण, वॉटरपोलोचंही सुवर्ण.

पदकांचं कौतुक फार नको. तीन अमेरिकन क्लबांत अमेरिकन क्लब पहिला आला, याला ऑलिंपिक विजय म्हणायला जीभ जरा अडखळते. पण त्या फळीपर्यंतच्या वाटेवर एक गोष्ट शिकायला मिळते ती खरी. पाण्यात जोर करणारा आधी बुडतो. अंग सैल सोडून श्वास राखणारा शेवटपर्यंत टिकतो. हँडलींनी पुढची चाळीस-पन्नास वर्षं जे शिकवलं त्याचं बीज मला तरी या झोंबाझोंबीतच दिसतं.

अंग पुसू नका. तीन महिने मागे जायचंय.

१५ जून १९०४, न्यूयॉर्क. ईस्ट नदीच्या काठावर उभे आहात. जनरल स्लोकम नावाची मोठी आगबोट सकाळी निघाली तेव्हा तिच्यावर तेराशेच्या वर माणसं होती. मॅनहॅटनच्या जर्मन वस्तीतल्या चर्चची वार्षिक सहल होती आणि दिवस बुधवार, म्हणून पुरुष कामावर. बोटीवर बहुतेक बायका आणि पोरं. आता ती पेटलेली आहे. लोक कठड्यावरून उड्या टाकताहेत. जीवरक्षक पट्ट्यांतल्या बुचाचा भुगा झालाय, पोराला पट्टा बांधून पाण्यात सोडलं की ते सरळ तळाला जातं. बायकांच्या अंगावर घोळदार झगे, आत परकरांवर परकर, पायांत बूट. आणि त्यांतल्या जवळजवळ कुणालाही पोहता येत नाही. काठ अगदी समोर आहे. एका तासाच्या आत हजारावर माणसं गेली.

इथे थांबून पाहण्यासारखं काही नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवा की बायकांना पोहायला शिकवलं पाहिजे हे न्यूयॉर्ककर या दिवसानंतर उघडपणे म्हणू लागले. म्हणू लागले, एवढंच. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांच्या पोहण्याच्या शर्यती पहिल्यांदा झाल्या तेव्हा शंभर मीटरची शर्यत ऑस्ट्रेलियाच्या मुलीने जिंकली, रिले ब्रिटनच्या मुलींनी, आणि अमेरिकेची एकही मुलगी तिथे नव्हती. अमेरिकेतल्या हौशी खेळांची सूत्रं जेम्स सलिव्हन यांच्या हातात होती आणि बायकांनी चारचौघांत पोहावं हे त्यांना मान्य नव्हतं. १९१४ साली ते वारले आणि त्यानंतरच त्यांच्या संघटनेने बायकांच्या पोहण्याला मान्यता दिली. संस्था कधीकधी अशाच सुधारतात.

यापुढे तुम्हाला मुलगी व्हावं लागेल.

साल १९१८च्या आसपासचं. संध्याकाळ. कचेरी सुटलीय, तुम्ही दिवसभर टाइपरायटर बडवून आलेल्या आहात, किंवा शाळकरी पोर आहात आणि आईने ट्रामच्या पैशांसह पाठवलंय. जमिनीखालच्या एका लहानशा, भाड्याने घेतलेल्या तलावाच्या पायऱ्या उतरता. दमट ऊब अंगावर येते. तलाव एवढासा की चार हात मारले की पलीकडची भिंत. विमेन्स स्विमिंग असोसिएशन ती हीच. गेल्या वर्षी, १९१७ मध्ये, शार्लट एप्स्टाइन यांनी ती काढली. त्या कोर्टात लघुलेखिका आहेत, स्वतः काही फार वेगवान पोहणाऱ्या नाहीत, पण तलाव मिळवणं, अधिकाऱ्यांना पटवणं, वर्गणीचा हिशेब आणि मुलींच्या आयांची समजूत, हे सगळं त्यांच्याकडे. मुली त्यांना एपी म्हणतात.

काठावर कोट-टाय घातलेले गृहस्थ उभे आहेत ते हँडली. त्यांना मात्र मिस्टर हँडलीच म्हणायचं. चाळिशी ओलांडलीय. वर्तमानपत्रांत आणि मासिकांत पोहण्यावर लिहिणं हा त्यांचा व्यवसाय आहे. इथे शिकवायचा ते एक पैसाही घेत नाहीत आणि पुढेही घेणार नाहीत. या गोष्टीचा मोठेपणा सांगताना एक जोड द्यायला हवी. त्या काळी हौशीपणाला सोवळ्याइतकं जपत. पैसे घेऊन शिकवणारा माणूस पोहण्याच्या शर्यतींतून बाद होई. त्यामुळे फुकट शिकवण्यात थोडा भाग रिवाजाचा होता. पण रिवाज पाळणारे शेकडो पुरुष न्यूयॉर्कच्या श्रीमंत क्लबांत होते. त्यांतला दुसरा कुणी संध्याकाळी तळघरात येऊन टायपिस्ट मुलींचे पाय तपासत नव्हता.

कारण तपासणी पायांपासूनच सुरू होते. पाण्यात नाही, आधी बाहेर. बाकावर पालथ्या पडा. गुडघे वाकवू नका, पण ताठही ठेवू नका. हालचाल मांडीपासून यायला हवी, गुडघा नुसता मागून येतो. घोटे सैल, अगदी पाय आपला नाहीच असे सैल, बोटं थोडी आत वळलेली. दोन पायांमध्ये वर-खाली फूटभराहून जास्त अंतर पडू देऊ नका. आता मोजा. डावा, उजवा, डावा, एवढ्यात एक हात पुरा. उजवा, डावा, उजवा, दुसरा हात पुरा. दोन हातांच्या एका फेऱ्यात सहा पाय. तिन्हींतला पहिला जरा जोरात, बाकीचे दोन हलके.

तुम्ही मोजता. चार मिनिटांत मांड्या भरून येतात. हातांकडे लक्ष गेलं की पाय चुकतात, पाय सांभाळले की श्वास घ्यायचा राहतो. मग पाण्यात, कठडा धरून नुसते पाय. मग नुसते हात. हात पाण्याबाहेर असतो ती त्याची विश्रांती, हे तुम्हाला पहिल्यांदा हसण्यावारी न्यावंसं वाटतं. हवेतून जाणारा हात ओल्या फडक्यासारखा लोंबता ठेवायचा, कोपर वर, पंजा खांद्याच्या रेषेत पुढे बुडवायचा, पाण्यावर थापटायचा नाही. डोकं उचलायचं नाही. अंगासकट कुशीवर कलायचं, की तोंड आपोआप पाण्याबाहेर येतं. तेवढ्यात श्वास घ्यायचा आणि तो पाण्यात सोडायचा, पुरता.

आता जरा बाजूला होऊन पाहा, हे एवढं मोजणं कुठून आलं. एकोणिसाव्या शतकात युरोपात सभ्य माणसं छातीवर, बेडकासारखे पाय मारत पोहत. जॉन ट्रजन या इंग्रजाने १८७० च्या दशकात दोन्ही हात आळीपाळीने पाण्याबाहेरून टाकायची तऱ्हा लंडनला दाखवली, पण पायांना कात्रीचा झटका तसाच राहिला. सिडनीत सॉलोमन बेटांचा अॅलिक विकम हा मुलगा आपल्या घरच्या पद्धतीने पाय वर-खाली आपटत सुसाट जाई. कॅव्हिल घराण्यातल्या पोहणाऱ्यांनी ती तऱ्हा उचलली, जगभर नेली आणि तिला ऑस्ट्रेलियन क्रॉल हे नाव पडलं. एका हाताला एक पाय, गुडघ्यातून वाकवून, धाडकन. वेग भन्नाट, पण शंभर यार्डांत माणूस आडवा. न्यूयॉर्कमध्ये डॅनियल्सने हातांचा आणि पायांचा ताल एकमेकांपासून सुटा केला, पाय जास्त आणि लहान केले. १९०६ साली त्याने शंभर यार्ड ५६ सेकंदांत काढले. हवाईचा ड्यूक कहानामोकू आपल्या बेटावर त्याच वाटेने चालला होता.

हँडलींनी यातला कुठला शोध एकट्याने लावला असं म्हणणं चुकीचं होईल. त्यांनी केलं ते असं की चालू असलेल्या सगळ्या तऱ्हा बारकाईने पाहिल्या, त्यांतलं काय कशामुळे चालतं हे तपासलं, आणि कुणालाही शिकवता येईल असा पाठ तयार केला. पुस्तकं लिहिली. १९१८ चं एक, आणि १९२४ चं खास बायकांसाठीचं. एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकासाठी पोहण्यावर लिहिलं तेही त्यांनीच. आणि दोन गोष्टी हट्टाने मांडल्या. एक, नवशिक्याला आधी छातीवरचं पोहणं शिकवायची गरज नाही, सरळ क्रॉलच शिकवा. दोन, क्रॉल ही फक्त छोट्या शर्यतीची चाल नाही, अंग सैल राहिलं तर ती मैलोगणती चालते. दुसरं म्हणणं बहुतेक जाणकारांना खुळचट वाटे. पायांचे असे अखंड फटके मारत माणूस किती वेळ जाणार?

उत्तर या तळघरातल्या मुली देणार आहेत. त्यांना कोणी हे सांगितलेलं नाही, त्या आपल्या पाय मोजताहेत.

शेजारच्या पट्ट्यात एथेल्डा ब्लाइब्ट्री आहे. पोलिओ झाला म्हणून पोहायला लागली. १९१९ च्या उन्हाळ्यात ती ब्रुकलिनच्या मॅनहॅटन बीचवर पाण्यात उतरण्याआधी पायांतले लांब मोजे काढणार आहे आणि नग्न पोहल्याबद्दल तिच्यावर कारवाई होणार आहे. उघडे काय, तर पाय. आरडाओरडा इतका होतो की मोज्यांची सक्तीच मोडीत निघते. सहा पायांचा ताल भिजलेल्या लोकरी मोज्यांत पाळून बघा, म्हणजे ही बातमी किती कामाची होती ते कळेल.

चला, १९२०. अँटवर्प, बेल्जियम. युद्ध संपून दोन वर्षंही झालेली नाहीत. अमेरिकेच्या बहुतेक खेळाडूंना इथे आणणारी प्रिन्सेस माटोइका ही बोट अलीकडेपर्यंत मेलेल्या सैनिकांच्या शवपेट्या वाहत होती, आणि तो वास खालच्या मजल्यावर अजून आहे. डेकवर ताडपत्रीचा एवढासा हौद केलाय. त्यात कमरेला पट्टा बांधून, एकाच जागी, मुली पोहण्याचा सराव करताहेत. दोन मुली चौदा वर्षांच्या आहेत, एलीन रिगिन आणि हेलन वेनराइट. एवढ्या लहान पोरींना ऑलिंपिकला न्यायचं नाही असा अधिकाऱ्यांचा हेका होता, एप्स्टाइन आणि त्यांच्या मैत्रिणींनी तो मोडून काढला.

पोहण्याचा तलाव म्हणून समोर जे दिसतं तो शहराच्या जुन्या तटाबाहेरचा खंदक आहे. भोवती फळ्या ठोकल्यात. पाणी काळं. पाय घाला. ऑगस्ट आहे आणि तरीही पोटरीत कळ जाते. घरच्या उबदार तळघरात शिकलेल्या मुलींना हे पाणी म्हणजे शिक्षा. फळीवरून सूर मारणाऱ्या रिगिनला खरी धास्ती थंडीची नाही. तळाच्या गाळात डोकं रुतून बसलं आणि पाय वर राहिले तर काय, याची आहे. साडेचार फुटांच्या आसपासची ही पोर त्या अंधारात पुन्हा पुन्हा सूर मारते आणि सुवर्णपदक घेते, वेनराइट रौप्य. ब्लाइब्ट्री शंभर मीटर १ मिनिट १३.६ सेकंदांत पोहते, विश्वविक्रम. मग तीनशे मीटर, मग रिले. बायकांसाठी पोहण्याच्या शर्यतीच तीन होत्या, तिन्ही तिने जिंकल्या. तीन वर्षांपूर्वी काढलेली संध्याकाळची संस्था, आणि हे.

पुन्हा ब्रुकलिनच्या त्याच मॅनहॅटन बीचवर या. १ ऑगस्ट १९२२. पन्नासेक मुली कंबरभर पाण्यात उभ्या आहेत आणि तुम्ही त्यांत आहात. इथून ब्रायटन बीचच्या बाजूला साडेतीन मैलांची जोसेफ डे चषकाची शर्यत. सगळ्यांच्या नजरा ब्रिटनच्या हिल्डा जेम्सवर, नाहीतर वेनराइटवर. तुमच्या उजवीकडे एक रुंद खांद्यांची, ओशाळं हसणारी मुलगी आहे, तिच्याकडे कोणी बघत नाही. गर्ट्रूड एडरली. वडील जर्मनीहून आलेले, अॅम्स्टरडॅम अॅव्हेन्यूवर त्यांचं मटणाचं दुकान. त्यांनीच तिला न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर कमरेला दोर बांधून धक्क्यावरून पाण्यात सोडलं आणि पोहायला शिकवलं, आपल्याकडे विहिरीत शिकवतात तसं. पुढचं सगळं हँडलींच्या तलावात. लहानपणी गोवर झाला होता, तेव्हापासून कानांनी अधू. शर्यतींत आजवर ती २२० यार्डांपलीकडे कधी गेलेली नाही.

सुरुवात होते. पहिल्या अर्ध्या मैलात तुम्ही तिच्या बरोबरीने आहात. मग लाटा आडव्या येतात, तुम्ही मान वर काढून दिशा बघता, ताल तुटतो, खांदे आखडतात. ती मान काढत नाही. तिच्या पायांमागे पाणी फारसं उसळतसुद्धा नाही, नुसती एक पांढरी रेघ चाललेली असते. जोर लावतेय असं कुठूनही दिसत नाही. थोड्या वेळाने ती रेघ पुढे, मग तीही दिसेनाशी. एडरली पहिली येते, जेम्स आणि वेनराइट मागे. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांना त्या संध्याकाळी तिचं नाव ठाऊक होतं.

पॅरिस ऑलिंपिक १९२४ पटकन ओलांडू या. एडरलीला रिलेचं सुवर्ण आणि दोन कांस्य मिळाली, तिच्या मानाने कमीच. १९२५ च्या जूनमध्ये ती मॅनहॅटनच्या टोकापासून सँडी हूकपर्यंतचे एकवीस मैल सात तासांच्या थोड्या वर पोहली. तो विक्रम पुढे एक्क्याऐंशी वर्षं टिकला. मग त्याच ऑगस्टमध्ये इंग्लिश खाडी. खर्च असोसिएशनचा, पण तिथे तिला मार्गदर्शक मिळाला जेबेझ वुल्फ. या गृहस्थांनी स्वतः वीसहून अधिक वेळा खाडीचा प्रयत्न केला होता आणि एकदाही पार केली नव्हती. त्यांचं एकच पालुपद, एवढ्या वेगाने क्रॉल मारत कोणी खाडी ओलांडत नसतं, हळू चल. जवळजवळ नऊ तासांनी तिला पाण्यातून बाहेर काढलं. काढायला नको होतं, मी पोहू शकत होते, असं तिचं म्हणणं होतं. मला तिचं पटतं.

६ ऑगस्ट १९२६ ला मात्र तुम्ही पाण्यात उतरू नका. सोबतच्या बोटीवर बसा, चरबीने माखलेल्या अंगाने ती सकाळी सातच्या सुमारास फ्रान्सच्या केप ग्री-ने इथून निघते ते बघा. यंदा मार्गदर्शक बिल बर्जेस आहेत, खाडी पार करणारे जगातले दुसरे. वडील आणि बहीण मार्गारेट बोटीवर आहेत. गॉगलच्या कडा पाणी शिरू नये म्हणून मेणाने बुजवल्यात. आता वर्तमानपत्रांचा पैसा घेतल्यामुळे ती हौशी राहिलेली नाही, असोसिएशनचं तिच्यावर बंधन नाही. हँडलीही बोटीवर नाहीत. पण तिच्या पायांकडे लक्ष ठेवा आणि मोजा. सहा, कधी आठ. दुपारी वारा फिरतो, पाऊस येतो, लाटा बोटीवर चढतात, बोटीवरची माणसं तिला बाहेर काढायच्या गोष्टी करतात. आठ. सहा. रात्र पडते. सहा.

साडेचौदा तासांनी ती इंग्लंडच्या किंग्जडाउनच्या किनाऱ्याला लागली. तिच्याआधी पाच जणांनी खाडी पार केली होती, पाचही पुरुष, आणि त्यांतला सर्वांत वेगवान म्हणजे एन्रिके तिराबोस्की, त्याला साडेसोळा तास लागले होते. तीन आठवड्यांनी न्यूयॉर्कने तिची मिरवणूक काढली तेव्हा रस्त्यांवर वीस लाख लोक होते असं सांगतात. क्रॉल लांब पल्ल्याला चालत नाही, हे त्यानंतर कोणी म्हणालं नाही.

या प्रकरणात पोहणाऱ्या मुलीचं नाव होतं, वडिलांचं होतं, बर्जेसचं होतं. तळघरातल्या बाकावर पालथं पाडून जो मोजायला शिकवतो त्याचं नाव मिरवणुकीत येत नसतं, आणि त्यात अन्याय झाला असंही मला वाटत नाही. ज्याला नाव हवंच असतं तो माणूस दर संध्याकाळी नव्या मुलीला पहिल्यापासून घोटे सैल सोडायला सांगत बसत नाही.

हँडली सांगत राहिले. असोसिएशनमधून पुढे एलिनॉर होम निघाली, १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तिने शंभर मीटर उताण्या पोहण्याचं सुवर्ण घेतलं. एप्स्टाइन १९३८ साली गेल्या. हँडली २८ डिसेंबर १९५६ ला गेले, ब्याऐंशी वर्षांचे होऊन. आंतरराष्ट्रीय जलतरण सन्मान दालनाने १९६७ साली त्यांना घेतलं ते प्रशिक्षक म्हणून, सेंट लुईसच्या दोन सुवर्णपदकांसाठी नाही, आणि हा निवाडा बरोबर आहे. त्याच वर्षी ब्लाइब्ट्री आणि रिगिनही तिथे आल्या, एडरली दोन वर्षं आधीच आलेली होती. एप्स्टाइनना मात्र १९७४ पर्यंत थांबावं लागलं.

वॉटरपोलोचं काय झालं, हे राहिलंच. मऊ चेंडूचा तो दांडगा खेळ अमेरिकेतूनही हद्दपार झाला आणि टणक चेंडूचा, जाळ्यात फेकण्याचा खेळ सगळीकडे राहिला. पुरुषांचा वॉटरपोलो १९०० पासून ऑलिंपिकमध्ये होता. बायकांना तो ऑलिंपिकमध्ये खेळायला मिळाला सिडनीत, २००० साली. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने अमेरिकेला ४-३ असं हरवलं, शेवटचा गोल वेळ संपायला दोन सेकंदही उरलेले नसताना झाला.